उंच छताखालचे दिवे : सिंगापूरच्या जुन्या चर्चमधील प्रकाशाची निगा

चर्चमधल्या दिव्यांच्या देखभालीचा आराखडा करायचा तर पहिली नोंद दिव्याच्या किमतीची नसते, छताच्या उंचीची असते. घरातला दिवा गेला की स्टुलावर चढून तो पाच मिनिटांत बदलता येतो. चर्चच्या मधल्या दालनावर दहा-बारा मीटर उंचीवर टांगलेला दिवा गेला, तर परांची बांधावी लागते किंवा उचलयंत्र भाड्याने आणावे लागते. बाकडी सरकवावी लागतात, फरशीवर फळ्या अंथराव्या लागतात आणि उपासना नसलेला दिवस शोधावा लागतो. दिव्यापेक्षा दिव्यापर्यंत पोहोचण्याचा खर्च कितीतरी मोठा असतो. म्हणूनच ‘गेला की बदलू’ ही घरगुती पद्धत अशा इमारतीत फार महाग पडते.

सिंगापूरच्या रॅफल्स प्लेस परिसरात हा प्रश्न स्पष्ट दिसतो. बँकांच्या उत्तुंग इमारतींनी वेढलेला हा चौक १८५८ पर्यंत ‘कमर्शियल स्क्वेअर’ या नावाने ओळखला जाई. येथून मेट्रोने एका स्थानकावर, सिटी हॉलजवळ, सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल हिरवळीवर उभे आहे. तेथून पुढे हिल स्ट्रीटवर आर्मेनियन चर्च आणि क्वीन स्ट्रीटवर कॅथलिक पंथीयांचे कॅथीड्रल ऑफ द गुड शेफर्ड लागते. रॅफल्स प्लेसच्या दुसऱ्या अंगाला, चालत जाता येईल इतक्या अंतरावर, १९२० च्या दशकात बांधलेले तेलोक आयर चायनीज मेथडिस्ट चर्च आहे. या चारही वास्तूंना राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा आहे आणि त्या आजही उपासनेसाठी वापरात आहेत. संग्रहालयातली वस्तू काचेआड ठेवता येते. येथे मात्र उपासनेला माणसे येतात, त्यांना स्तोत्रसंहितेतली अक्षरे दिसावी लागतात आणि वयस्कर सभासदांना पायऱ्या कळाव्या लागतात.

यांतली जुनी चर्चे विजेच्या आधीची आहेत. जॉर्ज कोलमन या वास्तुविशारदाने आखलेले आर्मेनियन चर्च १८३५ मध्ये उभे राहिले, गुड शेफर्ड १८४७ मध्ये खुले झाले आणि आजच्या सेंट अँड्र्यूजमध्ये पहिली उपासना १८६१ मध्ये झाली. सिंगापूरच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे आले ते १८६४ मध्ये. विजेचे पहिले पथदिवे १९०६ मध्ये लागले आणि ते ज्या मोजक्या ठिकाणी लागले त्यांत रॅफल्स प्लेस होते. आर्मेनियन चर्चमध्ये विजेचे दिवे आणि पंखे १९०९ मध्ये बसले. म्हणजे या इमारती आखताना वायरींसाठी खाच, दिव्यासाठी कोनाडा किंवा छतावरून दिव्यापर्यंत जाण्याची वाट, यांतले काहीच विचारात नव्हते. उंच खिडक्यांतून येणारा दिवसाचा प्रकाश आणि संध्याकाळी तेलाचे दिवे व मेणबत्त्या, एवढीच योजना होती. नंतर प्रत्येक पिढीने आपापल्या सोयीने तारा ओढल्या. जुन्या चर्चमध्ये देखभालीचा आराखडा करणाऱ्याला म्हणून आधी या सगळ्या थरांचा शोध घ्यावा लागतो. कोणती वायर जिवंत आहे, कोणती नुसतीच भिंतीला चिकटून राहिली आहे आणि कोणत्या फ्यूजवर काय चालते, हे कळल्याशिवाय पुढचे पाऊल टाकता येत नाही.

सेंट अँड्र्यूजच्या भिंतींची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण तिचा दिव्यांशी थेट संबंध आहे. हे कॅथीड्रल भारतातून काळ्या पाण्याच्या शिक्षेवर पाठवलेल्या कैद्यांच्या श्रमातून बांधले गेले. बंगाल, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांतून कैदी तेव्हा सिंगापूरला आणले जात. भिंतींना जो गिलावा दिला तो ‘मद्रास चुनम’. शिंपल्यांचा चुना, अंड्याचा पांढरा बलक आणि जाडी साखर एकत्र मळून, नारळाच्या सोडणांचे भिजवणीचे पाणी घालून तो तयार करत आणि घोटून घोटून गुळगुळीत करत. असा शुभ्र गिलावा प्रकाश भरपूर परत फेकतो, त्यामुळे थोड्या दिव्यांतही दालन उजळते. पण त्यात ड्रिलने भोक पाडले तर तडा कुठवर जाईल हे सांगता येत नाही आणि तसाच गिलावा पुन्हा करणारे कारागीर सहज मिळत नाहीत. म्हणून नवा दिवा बसवायचा झाल्यास जुनीच भोके, जुनेच आकडे आणि लाकडी तुळया वापरणे श्रेयस्कर. जिथे पर्याय नसेल तिथे दगड किंवा विटेऐवजी सांध्यातल्या चुन्यात खिळा बसवावा, म्हणजे उद्या तो काढला तरी मूळ बांधकाम शाबूत राहते. राष्ट्रीय स्मारक असलेल्या वास्तूत असे बदल करण्याआधी सिंगापूरच्या राष्ट्रीय वारसा मंडळाच्या स्मारक विभागाची संमती घ्यावी लागते. त्या संमतीला लागणारा वेळही वेळापत्रकात धरावा लागतो. हे विसरलेल्या समितीचा नाताळ अर्ध्या बांधलेल्या परांचीखाली जातो.

प्रत्यक्ष नियोजनाची सुरुवात नोंदवहीने होते. प्रत्येक दिव्याला क्रमांक द्यायचा आणि तो इमारतीच्या नकाशावर मांडायचा. क्रमांकापुढे दिव्याचा प्रकार, वॅट, प्रकाशाची छटा, कोणत्या सर्किटवर आहे, कधी बसवला आणि तिथपर्यंत कसे पोहोचायचे हे लिहायचे. शेवटचा रकाना बहुतेक नोंदवह्यांत नसतो आणि तोच सर्वांत उपयोगी ठरतो. हाताने पोहोचता येणारे, शिडीने पोहोचता येणारे आणि यंत्र किंवा परांचीशिवाय न पोहोचता येणारे, अशी विभागणी झाली की निम्मा आराखडा आपोआप तयार होतो. शिडीवाले दिवे चर्चचा सेवक वेळ मिळेल तसे बदलू शकतो. यंत्राने गाठायचे दिवे मात्र एकगठ्ठा, ठरलेल्या दिवशी, चालू असले तरी बदलायचे असतात. एक दिवा बदलायला यंत्र आणले तर शेजारचे वीस दिवे त्याच वेळी उतरवून पुसणे, तपासणे आणि म्हातारे झालेले बदलणे हेच हिशेबी काम आहे.

दिवा म्हातारा कधी झाला हे ठरवायला तासांचा हिशेब लागतो. चर्चमध्ये हा हिशेब कार्यालयापेक्षा फार वेगळा निघतो. समजा मधल्या दालनातले दिवे आठवड्याला पंचवीस तास जळतात. वर्षाचे १,३०० तास झाले. पूर्वीचा हॅलोजन दिवा साधारण २,००० तास टिकतो, म्हणजे दीड वर्षात तो बदलावा लागे. एलईडी दिव्याच्या खोक्यावर ५०,००० तास लिहिलेले असतात. त्या गतीने तो अडतीस वर्षे चालायला हवा. तोच दिवा बाहेरच्या भिंतीवर रोज पाच तास लावला तर वर्षाला १,८२५ तास, म्हणजे सत्तावीस वर्षे. आणि तळघराच्या जिन्यात किंवा बाहेर जाण्याच्या वाटेवर रात्रंदिवस जळत ठेवला तर वर्षाला ८,७६० तास भरतात आणि सहा वर्षांच्या आतच त्याची मुदत संपते. एकाच दिवशी, एकाच दुकानातून आणलेले हे दिवे आहेत, तरी त्यांना एकच वेळापत्रक लावता येत नाही. तासांनुसार गट पाडावे लागतात.

या ५०,००० तासांचा अर्थही नीट समजून घ्यायला हवा. एलईडी जुन्या बल्बसारखा एकाएकी जात नाही, तो हळूहळू मंद होत जातो. खोक्यावरचा आकडा बहुधा मूळ प्रकाशाच्या सत्तर टक्क्यांपर्यंत उतरण्याचा काळ सांगतो. डोळा या मंदपणाला सरावतो. मंडळीतले कोणी तक्रार करत नाही आणि चर्च दरवर्षी थोडे अंधारत जाते. त्यावर उपाय म्हणजे लक्समापक. दालनातल्या ठराविक दहा-पंधरा जागा ठरवून, सूर्यास्तानंतर, दरवर्षी त्याच जागी, बाकड्यावर पुस्तक धरण्याच्या उंचीवर प्रकाश मोजायचा आणि आकडे नोंदवहीत लिहायचे. दोन-तीन वर्षांच्या आकड्यांतून उतार किती वेगाने चालला आहे हे दिसते.

शिवाय अडतीस वर्षांचा हिशेब कागदावरच राहतो, कारण प्रकाश देणाऱ्या चिपेच्या कितीतरी आधी तिला वीज पुरवणारा ड्रायव्हर जातो. ड्रायव्हरमधले कपॅसिटर उष्णतेला नाजूक असतात. तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य निम्मे होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. सिंगापूर विषुववृत्ताच्या जवळ आहे. तेथे बारा महिने उकाडा असतो आणि गरम हवा वर चढून छताखाली साठते, नेमकी जिथे दिवे टांगलेले असतात तिथे. थंड हवामानाच्या देशात छापलेले आयुर्मान येथे जसेच्या तसे मानणे धोक्याचे आहे. शक्य असेल तिथे ड्रायव्हर दिव्यात न ठेवता खाली, हवेशीर आणि हाताशी असलेल्या कपाटात ठेवावा. तार थोडी लांबते, दिव्याशी वीजदाब जुळवून घ्यावा लागतो. पण पुढची पंधरा-वीस वर्षे परांची टळते. नव्या योजनेत घेता येण्यासारखा याहून मोलाचा निर्णय क्वचितच असेल.

प्रकाश कमी होण्याचे दुसरे कारण धूळ. दिव्यांची योजना करणारे अभियंते त्यासाठी देखभाल गुणांक वापरतात. दिवा जुना होऊन उरलेला प्रकाश मूळच्या ०.९, दिव्यावरच्या मळामुळे ०.८८ आणि भिंती मळल्यामुळे ०.९४ धरला, तर गुणाकार सुमारे ०.७४ येतो. म्हणजे पहिल्या दिवशीच्या प्रकाशातला चौथा हिस्सा गेलेलाच असतो. यांतला मळाचा वाटा फडक्याने परत मिळवता येतो, नवा दिवा घ्यावा लागत नाही. चर्चमध्ये मळ कशाचा असतो तेही पाहावे लागते. मेणबत्त्यांची काजळी तेलकट असते आणि धूळ धरून ठेवते. वेदीजवळचे दिवे त्यामुळे सर्वांत आधी काळवंडतात. धूप जाळणाऱ्या चर्चमध्ये ही भर आणखी पडते. उष्ण प्रदेशात त्यात किड्यांची भर असते. पावसानंतर वाळवीचे पंख फुटलेले थवे उजेडाकडे झेपावतात. दिव्याच्या काचेत मेलेले किडे साठतात हा छोटा त्रास झाला. त्याच थव्यातली एखादी जोडी लाकडी छतात शिरली तर नुकसान मोठे होते. म्हणून दिवे पुसायला वर चढलेल्या माणसाने तुळयांवर वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसतात का, छत कुठे गळते का, हेही पाहून यावे. वर जाण्याची संधी वर्षातून एकदाच मिळते.

उष्ण प्रदेशातल्या चर्चचा आणखी एक खास प्रश्न पंख्यांचा. लांब दांड्यांचे पंखे दिव्यांच्या खालून फिरू लागले की पात्यांची सावली बाकड्यांवर सतत लपलपते. काहींना त्याने डोकेदुखी होते. दिव्याची जागा बदलताना तो पात्यांच्या खालच्या पातळीवर किंवा बाजूच्या खांबावर घ्यावा, हे मुंबई-पुण्यातल्या चर्चलाही तितकेच लागू आहे. मंद-तेज करण्याची जुनी बटणे आणि नवे एलईडी यांचे जमत नाही, तेव्हाही प्रकाश थरथरतो. ही थरथर डोळ्यांना जाणवली नाही तरी कॅमेरा टिपतो. उपासनेचे थेट प्रक्षेपण आता अनेक चर्च करतात. त्यामुळे दिवा खरेदी करण्याआधी त्याचा एक नमुना बसवून, मंद करून, कॅमेऱ्यातून पाहणे हा तपासणीचा भाग झाला पाहिजे.

उंचीवरचे काम हे या सगळ्यातले जोखमीचे अंग. सिंगापूरमध्ये उंचीवरच्या कामासाठी २०१३ चे नियम आहेत. तीन मीटरहून खाली पडण्याचा धोका असेल तर लेखी कार्यपरवान्याशिवाय काम सुरू करता येत नाही. विजेचे कामही परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावे लागते. भाविकांपैकी कोणी हौशी स्वयंसेवक शिडीवर चढतो ही जगभरातल्या चर्चची जुनी सवय आहे. तिच्यामागची भावना निर्मळ असली तरी ती मोडलीच पाहिजे. यंत्र निवडताना जमिनीचाही विचार लागतो. उचलयंत्र वजनदार असते आणि त्याचा भार चार चाकांवर येतो. जुन्या फरशा, त्याखालचे पोकळ भाग किंवा तळघर हा भार पेलतील का हे आधी तपासावे लागते. सेंट अँड्र्यूजच्या आवारात जमिनीखालीही प्रार्थनागृह आहे. अशा ठिकाणी वर कोणते यंत्र कुठे उभे करायचे हा अभियंत्याला विचारण्याचा प्रश्न आहे. काही इमारतींत यंत्राऐवजी दिवाच खाली आणणारी चरखी बसवतात. मोठ्या झुंबरांसाठी तो चांगला उपाय आहे, मात्र चरखीची तार आणि कुलपी यंत्रणाही दरवर्षी तपासावी लागते.

कामाचा दिवस निवडताना दोन पंचांगे समोर ठेवावी लागतात, एक उपासनेचे आणि एक हवामानाचे. आगमनकाळ सुरू होण्याआधी सर्व दिवे चोख हवेत, कारण नाताळपर्यंत इमारत रोज वापरात असते. ईस्टरच्या जागरणाची उपासना अंधारात सुरू होते आणि एका मेणबत्तीपासून उजेड पसरत जातो. तेव्हा सर्व दिवे पूर्ण विझणे आणि मग टप्प्याटप्प्याने लागणे गरजेचे असते, म्हणून त्या आठवड्याआधी स्विच आणि मंदक यांची तालीम घ्यावी. शनिवारी लग्ने, रविवारी उपासना. मोठ्या कामाला सोमवार-मंगळवारच उरतात. सिंगापूरमध्ये चिनी नववर्षाच्या सुमारास कंत्राटदार मिळणे कठीण होते, हेही ध्यानात ठेवावे लागते. ईस्टरनंतरचे काही आठवडे बहुधा सर्वांत सोयीचे. बाहेरच्या दिव्यांचे गणित वेगळे. तेथे नोव्हेंबर ते जानेवारी हे सर्वाधिक पावसाचे महिने असल्याने बाहेरच्या फिटिंगची रबरी पट्टी, गंज आणि अर्थिंगची तपासणी सप्टेंबर-ऑक्टोबरात उरकलेली बरी. मुंबईत हेच काम मे महिन्यात संपवावे लागते. फोर्टमधले सेंट थॉमस कॅथीड्रल १७१८ पासून उपासनेत आहे आणि ज्याच्यावरून चर्चगेट हे नाव पडले ते हेच. त्याच्यासारख्या वास्तूला सलग चार महिन्यांचा पाऊस आणि समुद्राची खारी हवा दोन्ही सोसावी लागतात.

विजा हा सिंगापूरचा मोठा शत्रू. सेंट अँड्र्यूजच्या जागी आधी असलेल्या चर्चवर १८४५ आणि १८४९ अशी दोनदा वीज पडली. इमारत धोकादायक ठरून १८५२ मध्ये बंद झाली आणि पुढे पाडली गेली. आजही त्या शहरात वर्षातले जवळपास निम्मे दिवस गडगडाट होतो. शिखरावरचा वीजवाहक आणि त्याची जमिनीतली जोडणी इमारतीला वाचवते, पण एलईडीचे ड्रायव्हर वाचवायला वितरणपेटीत लाट-रोधक उपकरण लागते. शेजारी वीज पडून आलेली लाट एका क्षणात वीस ड्रायव्हर घालवू शकते. त्या उपकरणावर एक छोटी खूण असते. ती लाल झाली की त्याचे संरक्षण संपले. ही खूण महिन्यातून एकदा पाहणे आणि गळती-रोधक स्विचचे चाचणीचे बटण दाबून तो पडतो की नाही हे बघणे, इतके सोपे काम नोंदवहीत लिहिलेले नसले की कोणीच करत नाही.

बाहेरून इमारत उजळणाऱ्या दिव्यांचे वेळापत्रक विषुववृत्ताजवळ सोपे असते. वर्षभर सूर्यास्त संध्याकाळी पावणेसात ते सव्वासातच्या आसपास होतो, त्यामुळे ऋतूप्रमाणे टायमर फिरवावा लागत नाही. रात्री ते कधी विझवायचे हे मात्र ठरवावे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात उत्तरेकडून स्थलांतर करून येणारे पक्षी रात्री उडतात. त्यांत नवरंगाच्या जातीचे पक्षी असतात आणि शहराच्या मध्यभागी ते इमारतींच्या काचांवर आपटून मरतात. आकाशाकडे रोखलेले झोत त्या हंगामात लवकर विझवणे हा सोपा उपाय आहे आणि त्याने दिव्याचे तासही वाचतात.

आपत्कालीन दिव्यांना वेगळा रकाना हवा. वीज गेल्यावर लागणारे हे दिवे एरवी दिसतच नाहीत आणि म्हणून विसरले जातात. महिन्यातून एकदा पुरवठा तोडून ते लागतात का ते पाहायचे. वर्षातून एकदा बॅटरी पूर्ण ठरलेला वेळ टिकते का हे तपासायचे, तेही इमारत रिकामी असताना, कारण चाचणीनंतर बॅटरी भरेपर्यंत इमारत संरक्षणाविना असते. जमिनीखालच्या दालनात आणि गायकवृंदाच्या वरच्या सज्ज्याच्या अरुंद जिन्यात यांचे महत्त्व सर्वांत अधिक.

सुट्या दिव्यांचा साठा हा आताच्या काळात नव्याने उभा राहिलेला प्रश्न आहे. पूर्वी तोच बल्ब तीस वर्षे दुकानात मिळे. एलईडीचे मॉडेल काही वर्षांतच बंद होते आणि नंतर आणलेला दिवा छटेने किंचित वेगळा निघतो. पिवळसर दिव्यांच्या रांगेत एकच पांढरट दिवा डोळ्यांना सतत टोचतो. म्हणून खरेदीच्या वेळीच दहाएक टक्के जादा दिवे आणि ड्रायव्हर घेऊन, तारीख टाकून, कोरड्या कपाटात ठेवावेत. छटा २,७०० ते ३,००० केल्विनची आणि रंगदर्शकता नव्वदच्या वर असावी. रंगीत काचा, लाकूड आणि माणसांचे चेहरे त्यातच खरे दिसतात. ज्या चर्चमध्ये अजून नळीचे दिवे आहेत त्यांना फार सवड नाही. पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराच्या २०२३ च्या परिषदेत फ्लुरोसंट दिव्यांचे उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ अखेर संपवण्याचे ठरले. काढलेल्या नळ्यांत पारा असतो. त्या न फोडता, खोक्यात भरून ई-कचरा संकलनाकडेच द्यायच्या. सिंगापूरमध्ये जुलै २०२१ पासून दिव्यांचाही समावेश असलेली उत्पादक-जबाबदारीची योजना लागू आहे.

पैशाचा हिशेब शेवटी समितीपुढे मांडावा लागतो. शंभर हॅलोजन दिवे ५० वॅटचे असतील आणि त्यांच्या जागी ७ वॅटचे एलईडी आले, तर वर्षाच्या १,३०० तासांत सुमारे ५,६०० युनिट वाचतात. पण समितीला वीजबिलापेक्षा परांचीचे बिल दाखवणे अधिक पटते. दर दीड वर्षाने होणारी चढाई पाच-सहा वर्षांवर गेली, मधल्या वर्षांत फक्त पुसणी आणि मोजणी उरली, तर बचतीचा मोठा भाग तिथेच असतो. ही बचत सर्वसाधारण खात्यात मिसळू न देता दिव्यांच्या राखीव निधीत टाकावी, कारण एकाच वर्षी बसवलेले दिवे साधारण एकाच सुमारास संपतात आणि तो खर्च एकरकमी येतो. ऐतिहासिक वास्तूंच्या जीर्णोद्धारासाठी सिंगापूरमध्ये राष्ट्रीय स्मारक निधीतून ना-नफा संस्थांना आणि धार्मिक संस्थांना साहाय्य मिळू शकते. अर्जासोबत जुन्या नोंदी जोडता आल्या तर मागणीला आधार मिळतो. नोंदवहीची एक प्रत चर्चच्या कचेरीत, एक विजेच्या कंत्राटदाराकडे आणि एक वितरणपेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेली असावी. पाळक बदलतात, समित्या बदलतात, कंत्राटदारही बदलतात; नव्या माणसाला पहिल्याच दिवशी कोणता दिवा कोणत्या स्विचवर आहे हे त्या दारावर वाचता येते.